हेरांच्या कपाटातली पुस्तकं

जानेवारी 1980. तेहरानच्या विमानतळावरून सहा अमेरिकन माणसं खोट्या नावांच्या पासपोर्टवर सुखरूप निसटली. त्यांच्या सुटकेत यम, ब्रह्मा, काली आणि गौतम बुद्ध यांचा हात होता!

झालं असं. नोव्हेंबर 1979 मध्ये इराणी निदर्शकांनी तेहरानच्या अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतला. त्या गोंधळात सहा जण बाहेर पडले आणि कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी लपून बसले. त्यांना देशाबाहेर काढायचं कसं? सीआयएचा वेषांतरातला तरबेज अधिकारी टोनी मेंडेझ याने शक्कल लढवली. ही सहा माणसं म्हणजे चित्रीकरणाच्या जागा बघायला आलेलं कॅनडाचं सिनेमावाल्यांचं पथक, असं सोंग उभं करायचं. त्यासाठी हॉलिवूडमध्ये ‘स्टुडिओ सिक्स’ नावाची कंपनी निघाली, ऑफिस थाटलं गेलं, फोन घेतला गेला, सिनेधंद्याच्या वर्तमानपत्रांत जाहिरातीही छापून आल्या. मदतीला होता जॉन चेंबर्स. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधल्या माकडांच्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस सीआयएची कामं गुपचूप करायचा.

आता संहिता हवी होती. चेंबर्सकडे एका बारगळलेल्या सिनेमाची संहिता पडून होती. रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या 1967 च्या विज्ञान कादंबरीवरून ती लिहिली होती. कादंबरीत दूरच्या ग्रहावर वस्ती केलेली माणसं यंत्रांच्या जोरावर ब्रह्मा, यम, काली अशी हिंदू देवतांची रूपं घेऊन राज्य करतात आणि त्यांच्या विरुद्ध बुद्धाचं रूप घेतलेला नायक बंड करतो. या सिनेमाच्या मंदिरांची, महालांची रेखाटनं कॉमिक्सचे नामांकित चित्रकार जॅक कर्बी यांनी आधीच करून ठेवली होती. मेंडेझने संहिता उचलली, तिचं नाव बदलून ‘आर्गो’ ठेवलं आणि कर्बींची चित्रं बगलेत मारून तो तेहरानला गेला. सगळे ज्या स्विसएअरच्या विमानात चढले त्याच्या नाकाडावर नाव होतं ‘आरगाउ’. हा स्वित्झर्लंडचा एक प्रांत आहे, योगायोग निव्वळ.

ही हकिकत सीआयएने 1997 मध्ये उघड केली. तिच्यावरच्या ‘आर्गो’ सिनेमाला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण त्या सिनेमात झेलाझ्नीचं नाव नाही, देवही नाहीत. साधी अंतराळातली मारामारी आहे. या गोष्टीतला सगळ्यात रसाळ भागच गाळला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जाता जाता: सोव्हिएत हेरखात्याच्या कागदपत्रांत ‘आर्गो’ हे आणखी एकाचं टोपणनाव होतं. अर्नेस्ट हेमिंग्वेचं! 1940 च्या सुमारास त्याच्याशी संधान बांधलं गेलं, काही भेटीगाठी झाल्या, पण कामाची एकही खबर त्याच्याकडून मिळाली नाही. त्याच काळात एफबीआयही त्याच्यावर फाइल उघडून बसली होती.

सांगायचं ते असं की हेरखाती फार निष्ठेने वाचतात. समीक्षक जे पुस्तक चाळून बाजूला ठेवतो ते तिथला अधिकारी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, टिपणं काढतो, त्याच्या प्रती करतो. हेरखात्यांनी पुस्तकं चोरली, छापली, जप्त केली, बदलली. कधी कधी वाचवलीसुद्धा!

कादंबरीतून कामगिरी, कामगिरीतून कादंबरी

सप्टेंबर 1939. ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्यात शत्रूला फसवण्याच्या युक्त्यांची एक यादी फिरली. ती प्रमुख जॉन गॉडफ्री यांच्या नावाने निघाली असली तरी ती मुख्यतः त्यांच्या साहाय्यकाने लिहिली असावी, असं मानतात. साहाय्यकाचं नाव इयान फ्लेमिंग. जेम्स बाँडचा जन्मदाता! यादीतली अठ्ठाविसावी सूचना अशी: एका प्रेताच्या खिशात खोटी कागदपत्रं घालायची आणि ते शत्रूच्या हाती पडेल अशा ठिकाणी सोडायचं. ही कल्पना बॅसिल थॉमसन यांच्या कादंबरीतली आहे, हेही तिथेच नोंदवलेलं. हे थॉमसन पूर्वी स्कॉटलंड यार्डचे बडे अधिकारी होते. पहिल्या महायुद्धात माताहारीची उलटतपासणी त्यांनीच घेतली होती. म्हणजे पोलिसाने निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली आणि तिच्यातली युक्ती हेरांनी उचलली.

एप्रिल 1943 मध्ये ती खरंच वापरली गेली. लंडनमध्ये उंदराचं विष पोटात जाऊन मेलेल्या एका बेघर वेल्श माणसाला ‘मेजर विल्यम मार्टिन’ बनवण्यात आलं आणि पाणबुडीतून स्पेनच्या उएल्वा गावाजवळ समुद्रात सोडण्यात आलं. बरोबरच्या पत्रांत दोस्तांचा हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असल्याचा बनाव होता. प्रत्यक्षात ते उतरले सिसिलीत.

पण या मोहिमेतली खरी कारागिरी मेजरसाहेबांच्या खिशात होती. साखरपुड्याच्या अंगठीचं बिल. खात्यात पैसे नसताना उचल केल्याबद्दल बँकेचं दटावणीचं पत्र. वडिलांचं जरा उपदेशपर पत्र. लंडनच्या नाटकाच्या तिकिटांची अर्धुकं. ‘पॅम’ या वाग्दत्त वधूची दोन प्रेमपत्रं आणि तिचा फोटो. हा फोटो एमआय फाइव्हमध्ये कारकुनी करणाऱ्या एका तरुणीचा होता. कथालेखक पात्र उभं करताना जे जे करतो ते सगळं इथे केलेलं आहे: पैशाची चणचण, बापाशी थोडं अवघडलेलं नातं, घाईत जमलेलं लग्न. वाचक मात्र एकच, जर्मन हेरखातं. त्याने हे सगळं खरं मानलं.

पुढची मजा ऐका. 1950 मध्ये माजी मंत्री डफ कूपर यांनी याच मोहिमेवर कादंबरी लिहिली. गुपित फुटेल म्हणून सरकारी माणसं अस्वस्थ झाली. 1953 मध्ये मोहिमेचे सूत्रधार इवन माँटेग्यू यांनीच खरी हकिकत छापली. त्याच वर्षी फ्लेमिंगची पहिली बाँडकथा आली. 1956 मध्ये माँटेग्यूंच्या पुस्तकावर सिनेमा निघाला आणि त्यात स्वतः माँटेग्यूंनी एक छोटी भूमिका केली. पडद्यावरच्या ‘माँटेग्यू’च्या योजनेवर शंका घेणाऱ्या अधिकाऱ्याची!

बंदी मायदेशी, छपाई हॉलंडात

बोरिस पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ सोव्हिएत संघात छापायला नकार मिळाला, तेव्हा तिचं हस्तलिखित इटलीत पोचलं आणि मिलानच्या फेल्ट्रिनेल्लीने ती नोव्हेंबर 1957 मध्ये इटालियन भाषेत काढली. जानेवारी 1958 मध्ये ब्रिटिश हेरखात्याने मूळ रशियन पानांचे फोटो सीआयएकडे धाडले. सीआयएच्या टिपणांत ध्येय स्पष्ट होतं: रशियन माणसाला आपल्या भाषेतली आपल्याच लेखकाची कादंबरी का वाचता येऊ नये, असा प्रश्न त्याच्याच मनात उभा करायचा. मग डच हेरखात्याच्या मदतीने हेग शहरातल्या एका प्रकाशन संस्थेकडून सुमारे हजार रशियन प्रती छापून घेतल्या गेल्या. बांधणी निळ्या कापडाची.

त्या वर्षी ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे रशियन पाहुणे येत होते. अमेरिकेच्या दालनातून पुस्तक वाटलं असतं तर बिंग फुटलं असतं. म्हणून ते वाटलं गेलं व्हॅटिकनच्या दालनातून. घेणाऱ्यांनी निळी बांधणी टराटरा फाडून टाकली, पानांचे गठ्ठे केले आणि खिशांत कोंबून नेले. प्रदर्शनाच्या आवारात निळी मुखपृष्ठं इकडेतिकडे पडलेली दिसत. पुढच्या वर्षी बायबलच्या पातळ कागदावर खिशात मावेल अशी आवृत्तीही निघाली. पास्तरनाकला ऑक्टोबर 1958 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि मायदेशातल्या दबावामुळे त्याला ते नाकारावं लागलं. कादंबरी रशियात अधिकृतपणे छापली गेली ती 1988 मध्ये.

मराठी वाचकाला हे वाचताना दुसरंच पुस्तक आठवल्याशिवाय राहत नाही. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये 1857 वर मराठीत ग्रंथ लिहिला. ते जिथे राहत त्या इंडिया हाउसवर ब्रिटिश गुप्त पोलिसांची पाळत होती. हस्तलिखिताची एक-दोन प्रकरणं हेरांनी लंपास करून स्कॉटलंड यार्डला पोचवली, अशी नोंद पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आहे. बाकी हस्तलिखित हिंदुस्थानात आलं. छापखान्यांवर छापे पडायला लागल्यावर ते परत युरोपात गेलं. जर्मनीत देवनागरीचे खिळे मिळाले, पण जुळवणाऱ्यांना मराठीचा गंध नसल्याने तो बेत फसला. शेवटी लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांनी इंग्रजी भाषांतर केलं आणि 1909 मध्ये ते हॉलंडात छापलं गेलं. त्याआधीच सरकारने त्याच्यावर बंदी घातली होती. न छापलेल्या पुस्तकावर बंदी! मग ‘पिकविक पेपर्स’ आणि ‘डॉन किखोते’सारख्या निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टणं चढवून प्रती हिंदुस्थानात आल्या.

मूळ मराठी हस्तलिखिताचा प्रवास तर याहून लांबचा. ते पॅरिसला क्रांतिकारक मादाम कामांकडे राहिलं आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेचे एक सदस्य, मूळचे गोव्याचे डॉ. कुटिन्हो यांनी ते अमेरिकेत नेलं. तिथे त्यांनी ते सुमारे 40 वर्षं जपलं आणि स्वातंत्र्यानंतर ते सावरकरांच्या हाती परत आलं. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, एका गोवेकर डॉक्टराने परमुलखात दुसऱ्याच्या कागदांचा गठ्ठा इतकी वर्षं सांभाळावा, याला मी मानतो.

त्या काळात आपल्याकडची नाटकंही हेरांच्या नजरेखाली होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. सरकारला ते कळायला मात्र वेळ लागला. डिसेंबर 1909 मध्ये नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला, तोही नाटकाच्या थिएटरात, ‘शारदा’ बघायला आलेला असताना. त्यानंतर 1910 मध्ये ‘कीचकवध’वर बंदी आली.

जप्तीवाल्यांनी जपलेली डायरी

मिखाईल बुल्गाकोवच्या मॉस्कोतल्या घरावर 1926 मध्ये छापा पडला. ‘कुत्र्याचं काळीज’ या लघुकादंबरीचं हस्तलिखित आणि त्याची डायरी जप्त झाली. बुल्गाकोव अर्जांवर अर्ज करत राहिला आणि तीन वर्षांनी वह्या परत मिळाल्या. हातात पडताच त्याने डायरी जाळून टाकली. आपल्या मनातलं पुन्हा कोणी वाचू नये म्हणून. पण गुप्त पोलिसांनी तिची नक्कल करून ठेवली होती! सोव्हिएत संघ मोडकळीला आल्यावर ती त्यांच्या दप्तरात सापडली आणि 1990 मध्ये छापली गेली. आज बुल्गाकोवचे अभ्यासक ती वाचतात ते पोलिसांच्या नकलेमुळे.

सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. कथाकार इसाक बाबेलला 1939 मध्ये अटक झाली तेव्हा त्याचे कागद गठ्ठेच्या गठ्ठे उचलले गेले. त्याला गोळी घातली गेली आणि ते कागद आजवर मिळालेले नाहीत.

वासिली ग्रोसमनची तऱ्हा आणखी वेगळी. फेब्रुवारी 1961 मध्ये केजीबीची माणसं त्याच्या घरी आली आणि त्याला न धरता त्याची कादंबरी धरून घेऊन गेली. ‘जीवन आणि प्राक्तन’चं हस्तलिखित नेलं, टंकलिखित प्रती नेल्या, कच्च्या वह्या नेल्या, कार्बन पेपर नेले, टाइपरायटरच्या फिती काढून नेल्या. फितीवर उमटलेल्या अक्षरांतून कादंबरी पुन्हा जुळवता येईल, ही भीती! पक्षाचा विचारप्रमुख सुस्लोव याने ग्रोसमनला ऐकवलं की हे पुस्तक दोन-तीनशे वर्षं छापता येणार नाही. ग्रोसमन 1964 मध्ये गेला. पण मित्रांकडे प्रत राहिली होती. तिचे मायक्रोफिल्मवर फोटो घेतले गेले, त्या कामात अणुशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोवही होते. फिल्म चोरून बाहेर गेली आणि 1980 मध्ये कादंबरी स्वित्झर्लंडमध्ये छापून निघाली. दोनशेऐवजी वीस वर्षांत.

पाळत ठेवणाऱ्यांचं कविमंडळ

पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिसांनी आपल्या माणसांसाठी चक्क कवितेचं मंडळ चालवलं होतं. बर्लिनमध्ये हे गणवेशधारी कवी नियमित जमायचे आणि सुनीत कसं रचायचं ते शिकायचे. 1984 मध्ये त्यांचा संग्रहही निघाला. शिकवायला ऊवे बेर्गर नावाचा कवी होता, आणि मंडळातल्या कवींच्या ओळींमागे कोणता विचार दडलाय याच्या खबरा तो श्टाझीलाच पुरवायचा.

त्याच देशातला कवी राइनर कुन्झे याच्यावर पाळत होती. पुढे आपली फाइल वाचायला मिळाल्यावर त्याने तिच्यातले उतारे 1990 मध्ये पुस्तकरूपाने छापले. श्टाझीने त्याला दिलेलं सांकेतिक नाव होतं ‘काव्य’.

अमेरिकेतही वाचन जोरात होतं. कादंबरीकार जेम्स बाल्डविनवरची एफबीआयची फाइल 1,884 पानांची आहे. त्याच्या कित्येक पुस्तकांपेक्षा जाडजूड. 1947 मध्ये एफबीआयच्या एका टिपणात ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या नाताळाच्या गोड सिनेमावर संशय घेतला आहे. कारण काय, तर त्यातला सावकार दुष्ट दाखवलाय आणि ही कम्युनिस्टांची नेहमीची चाल आहे. ‘मदर इंडिया’तला सावकार सुखीलाला या अधिकाऱ्यांनी बघितला असता तर अख्खा मेहबूब स्टुडिओ त्यांच्या यादीत गेला असता!

चार्ली चॅप्लिनबद्दल 1952 मध्ये अमेरिकेने एमआय फाइव्हकडे विचारणा केली. ब्रिटिश हेरांनी दप्तरं उलथीपालथी केली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाच्या जन्माची नोंद त्यांना कुठेही सापडली नाही. कम्युनिस्ट असल्याचा पुरावाही नाही.

लपवलेला पैसा

आता जरा मनाला लागणारं. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’वरचा 1954 चा ब्रिटिश कार्टूनपट सीआयएच्या पैशातून निघाला, आणि तो काढणाऱ्या हलास आणि बॅचलर या चित्रकार जोडप्याला बराच काळ त्याचा पत्ता नव्हता. ऑर्वेल 1950 मध्येच वारला होता. पुस्तकाच्या शेवटी जनावरं खिडकीतून बघतात तेव्हा त्यांना डुक्कर कोण आणि माणूस कोण हे ओळखू येईनासं होतं. सिनेमात माणसं गायब! तिथे जनावरं डुकरांविरुद्ध पुन्हा उठाव करतात. ऑर्वेलने दोघांनाही एका मापाने तोललं होतं. सिनेमाने एक पारडंच काढून टाकलं. मेलेल्या लेखकाच्या शेवटाला असा हात लावणं मला अक्षम्य वाटतं.

याच काळात ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संस्था 1950 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झाली आणि जगभर मासिकं काढू लागली. लंडनचं ‘एन्काउंटर’ त्यातलं सर्वांत नावाजलेलं; संपादकांत कवी स्टीफन स्पेंडर. या सगळ्यामागे सीआयएचा पैसा आहे, हे 1966–67 मध्ये उघड झालं आणि स्पेंडरने राजीनामा दिला. आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याचं म्हणणं.

या संस्थेची हिंदुस्थानातली परिषद मार्च 1951 मध्ये मुंबईत भरली होती. पुढे भारतीय शाखेने 1955 मध्ये ‘क्वेस्ट’ सुरू केलं. त्याचे पहिले संपादक निसीम इझिकेल, मुंबईचे कवी, मराठी वाचकाचेही जवळचे. ‘क्वेस्ट’मधलं लेखन कसदार होतं, वाद खरे होते, कोणाच्या हुकमाने लिहिल्यासारखं ते वाटत नाही. आणि म्हणूनच मला राग येतो. मनापासून लिहिणाऱ्या माणसाला आपल्या मानधनाचा मूळ झरा कुठे आहे हे कळू न देणं म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर परस्पर कर्ज काढणं. हप्ते त्याने आयुष्यभर फेडायचे. आणीबाणीत ‘क्वेस्ट’ बंद पडलं. 1977 पासून अ. भि. शहा यांनी ‘न्यू क्वेस्ट’ काढलं. पुढे वाईच्या ‘नवभारत’चे संपादक मे. पुं. रेगे आणि मग दिलीप चित्रे यांनी ते चालवलं. पैशाची चणचण सोसत निघालेल्या या अंकांबद्दल मला जास्त आदर आहे.

पॅरिसचं ‘पॅरिस रिव्ह्यू’ त्रैमासिकही आठवा. त्याच्या संस्थापकांपैकी पीटर मॅथिसन तेव्हा सीआयएत होता आणि त्रैमासिक हा त्याचा बुरखा होता, हे त्यानेच पुढे कबूल केलं.

झटपट काही हेर-लेखक

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त हेरगिरीसाठी उपयोगी लोक सांगितले आहेत, त्यांत नट, नर्तक, गायक, वादक आणि कथा सांगणारेही आहेत. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर निपुणक यमाच्या चित्रांचा पट घेऊन, गाणी म्हणत घरोघर फिरतो आणि एका दारात सापडलेली अमात्य राक्षसाची अंगठी घेऊन येतो. सगळं नाटक त्या अंगठीवर फिरतं.

‘रॉबिन्सन क्रूसो’चा डॅनियल डिफो 1706 मध्ये एडिंबरात इंग्लंडचा हेर होता. इंग्रजीत लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या स्त्रियांतली आफ्रा बेन 1666 मध्ये अँटवर्पला हेरगिरी करायला गेली. राजाने तिचे पैसे बुडवले, ती कर्जात बुडाली आणि मग नाटकं लिहायला लागली.

सॉमरसेट मॉमने पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडमध्ये हेरगिरी केली आणि 1928 मध्ये ‘अ‍ॅशेंडन’ या कथा लिहिल्या. त्यातल्या एका कथेत चंद्र लाल नावाचा हिंदी क्रांतिकारक आहे. तो बेतला आहे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावर, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या भावावर. इंग्रजी हेरकथेच्या अगदी उगमापाशी आपला माणूस उभा आहे, तोही इंग्रजांच्या सापळ्यात.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या ‘किम’ (1901) कादंबरीत छोटा किम गुप्त निरोप घेऊन अंबाल्याला जातो. 1912 मध्ये त्याच अंबाल्यात एक इंग्रज पोरगा जन्मला. त्याचं लाडाचं नाव किम पडलं. तो किम फिल्बी! ब्रिटिश हेरखात्यात राहून वर्षानुवर्षं सोव्हिएतांना गुपितं पुरवणारा. त्याच्या हाताखाली काही काळ ग्रॅहम ग्रीन होता, आणि फिल्बी मॉस्कोला पळाल्यावर त्याच्या आत्मकथेला ग्रीननेच प्रस्तावना लिहिली. ‘किम’मधल्या जगाचे खरे ‘पंडित’, म्हणजे गुप्तपणे मोजणी करणारे हेर, मात्र आपले कुमाऊंचे नैनसिंग रावत: 108 ऐवजी 100 मण्यांची माळ ओढत, पावलं मोजत, प्रार्थनाचक्रात टिपणं लपवत 1866 मध्ये ल्हासाला पोचलेले.

लेखकांकडून जरा सिनेमाकडे. सिनेमाच्या वेडापायी हेर कामाला लावणारा म्हणजे उत्तर कोरियाचा भावी राज्यकर्ता किम जाँग इल. 1978 मध्ये त्याने दक्षिण कोरियाची नामवंत नटी चोइ उन-ही आणि तिचा पूर्वीचा नवरा, दिग्दर्शक शिन सांग ओक यांना हाँगकाँगमधून पळवून आणवलं. शिनने पळायचा प्रयत्न केला म्हणून तो काही वर्षं तुरुंगात होता. मग त्याच्याकडून सिनेमे काढून घेतले. त्यातलाच एक, लोखंड खाणाऱ्या राक्षसाचा ‘पुल्गासारी’. चोइने पर्समध्ये टेपरेकॉर्डर दडवून किमचंच बोलणं टेप करून ठेवलं, आणि 1986 मध्ये व्हिएन्नात दोघं पाळत चुकवून अमेरिकी वकिलातीत शिरले.

1973 मध्ये सोव्हिएत टीव्हीवर ‘वसंताचे सतरा क्षण’ ही बारा भागांची हेरमालिका लागली की रस्ते ओस पडायचे. तिच्या नामावलीत सल्लागार म्हणून एका कर्नल जनरल मिशिनचं नाव झळकायचं. हे टोपणनाव होतं केजीबीचा उपप्रमुख त्स्विगून याचं.

मुरगावचा छापा

मार्च 1943. गोव्यात पोर्तुगीज राजवट, म्हणजे तटस्थ मुलूख. मुरगाव बंदरात ‘एहरेनफेल्स’ ही जर्मन बोट आश्रयाला उभी होती. तिच्यावरच्या ट्रान्समीटरवरून दोस्तांच्या जहाजांचे ठावठिकाणे जर्मन पाणबुड्यांना कळतात, असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात सैन्य पाठवणं शक्य नव्हतं. म्हणून गुप्त मोहिमा चालवणाऱ्या एसओईने कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी शिपायांना गाठलं. हे एरवी व्यापारी पेढ्यांत काम करणारे, पोट सुटलेले, मध्यमवयीन गोरे साहेब. हिंदुस्थानला वळसा घालून आलेल्या ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या कुरकुरत्या बार्जवरून ते 9 मार्चच्या रात्री बोटीला भिडले. जर्मनांनी आपली बोट आपणच पेटवून बुडवली.

हे प्रकरण 1978 मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने लोकांसमोर आलं, आणि त्यावर 1980 मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ सिनेमा आला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि तेव्हा पडद्यावर जेम्स बाँड असलेला रॉजर मूर हे तिघंही चित्रीकरणासाठी गोव्यात येऊन राहिले. खोटा बाँड खऱ्या हेरमोहिमेच्या जागी!

आपले निवृत्त हेर

भारताची हेरसंघटना रॉ सप्टेंबर 1968 मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली सुरू झाली. काव यांना शिल्पकलेचं वेड होतं, पण त्यांनी आपल्या कामावर पुस्तक लिहिलं नाही. त्यांच्या तालमीतल्या बी. रामन यांनी 2007 मध्ये लिहिलं. त्याच वर्षी रॉमध्ये काम केलेले मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनीही पुस्तक काढलं. त्यांच्या घरावर सीबीआयचा छापा पडला आणि शासकीय गुपितांच्या कायद्याखाली खटला भरला गेला.

अमर भूषण यांनी कादंबरीची वाट धरली. 2004 मध्ये रॉचा एक अधिकारी फितूर होऊन अमेरिकेला पळाला. त्या वेळी भूषण रॉमध्येच होते. त्या प्रकरणावर त्यांनी 2012 मध्ये ‘एस्केप टू नोव्हेअर’ लिहिली, नावं बदलून. तिच्यावरून विशाल भारद्वाज यांनी 2023 मध्ये ‘खुफिया’ काढला, तब्बू नायिका. काल्पनिक म्हणून लिहिलेलं खरं पुस्तक बिनबोभाट घराघरांतल्या टीव्हीवर पोचलं.

2018 मध्ये रॉचे माजी प्रमुख अमरजितसिंग दुलत आणि पाकिस्तानच्या आयएसआयचे माजी प्रमुख असद दुर्रानी यांच्या गप्पांचं पुस्तक आलं. पाकिस्तानी लष्कराने दुर्रानींना जाब विचारायला बोलावलं आणि त्यांना देशाबाहेर जायला बंदी केली. दुलत पुढेही लिहीत राहिले. मात्र 2021 मध्ये केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. आता गुप्तवार्ता संघटनेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला आपल्या खात्याच्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी संघटनेच्या प्रमुखाची परवानगी लागते; नाही घेतली तर पेन्शन अडू शकतं. हस्तलिखितातला कोणता मजकूर नाजूक आणि कोणता नाही, याचा निवाडा करणारा प्रमुखही तोच.